काळानिळा डाग : एका दुर्लक्षित खुणेचा इतिहास



एका शिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानासाठी इतिहासातला विषय निवडावा, अशी सूचना होती आणि ती मला मनापासून रुचली. इतिहासाच्या पुस्तकांत राजे, तह आणि लढाया यांना मानाचे पान मिळते. माणसाने आपल्याच देहावरची एखादी खूण कशी पाहिली, तिचा अर्थ कसा लावला आणि तो अर्थ चुकल्यामुळे किती जीव हकनाक गेले, याची कथा मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. आज अशाच एका खुणेविषयी बोलावयाचे आहे. ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. मुका मार लागला की त्वचेखाली रक्त साकळते आणि तेथे काळानिळा डाग उमटतो. खेळत्या मुलाच्या नडगीवर असे दोनचार डाग नसतील तरच नवल! त्यांची कोणी चिंता करीत नाही, आणि करूही नये.

प्रश्न उद्भवतो तो मार लागल्याचे आठवत नसताना डाग उमटतो तेव्हा. अशा वेळी आपल्या घराघरांत एक वाक्य ठरलेले असते : ‘लागले असेल कुठेतरी!’ बहुधा ते खरेही असते. पण ज्या थोड्या प्रसंगी ते खोटे ठरते, त्या प्रसंगांनीच वैद्यकाच्या इतिहासातील काही फार मोठी प्रकरणे लिहिली आहेत. त्या प्रकरणांतून एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसते. सोयीच्या उत्तरावर समाधान न मानता कोणीतरी विचारले, मोजले आणि लिहून ठेवले, तेव्हाच त्या डागाचा खरा अर्थ उलगडला.

तीन पहारेकरी

इतिहासाकडे वळण्यापूर्वी थोडे शरीरशास्त्र सांगणे आवश्यक आहे. आपल्या अंगातील सूक्ष्म रक्तवाहिन्या रोजच्या हालचालींत कोठे ना कोठे दुखावत असतात. तरीही रक्त बाहेर झिरपत नाही, कारण तेथे तीन पहारेकरी उभे असतात. पहिला पहारेकरी म्हणजे रक्तवाहिनीची भिंत. दुसरा म्हणजे बिंबाणू, ज्यांना आपण प्लेटलेट या नावाने ओळखतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये ते सुमारे दीड लाख ते साडेचार लाख असतात आणि भिंतीला भोक पडताच तेथे चिकटून ते बुजवितात. तिसरा पहारेकरी म्हणजे रक्तद्रवातील, रक्त गोठविणाऱ्या प्रथिनांची साखळी. बिंबाणूंनी घातलेल्या तात्पुरत्या बांधावर ती पक्के लिंपण करते. विनाकारण उमटणाऱ्या डागाचे मूळ बहुधा या तिघांपैकी कोणा एकाच्या दुबळेपणात असते. मात्र हे तिघे ओळखण्यास माणसाला कित्येक शतके लागली.

मोंबासाची संत्री

पहिली कथा आपल्या गोमंतकाच्या किनाऱ्याजवळून जाते. वास्को द गामा जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून निघाला. जानेवारी १४९८ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्याच्या खलाशांचे हातपाय सुजू लागले आणि हिरड्या इतक्या वाढल्या की अन्न चावणे अशक्य झाले. सफरीच्या रोजनिशीत हे सारे नमूद आहे. हा स्कर्व्ही रोग होय. त्यात हिरड्यांतून रक्त येते, त्वचेखाली ठिकठिकाणी रक्त साकळते, जुन्या जखमाही पुन्हा उकलू लागतात. एप्रिल महिन्यात जहाजे मोंबासाला पोहोचली. तेथील राजाने मेंढा, ऊस आणि पुष्कळशी संत्री-लिंबे पाठविली. आजारी माणसे बरी झाली. रोजनिशीकाराने मात्र त्याचे श्रेय ईश्वराच्या कृपेला आणि तेथील उत्तम हवेला दिले! औषध डोळ्यांसमोर होते, पोटातही गेले होते. तरी ते ओळखले गेले नाही.

त्या अनोळखीपणाची किंमत परतीच्या प्रवासात मोजावी लागली. कारवारनजीकच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबर १४९८ मध्ये निघालेल्या जहाजांना अरबी समुद्र ओलांडण्यास जवळजवळ तीन महिने लागले. तेवढ्या काळात तीस माणसे दगावली आणि एकेका जहाजावर काम करण्याजोगे सातआठ जणच उरले. पुढे लिस्बन-गोवा जलमार्ग नित्याचा झाला, तसा हा रोगही नित्याचा झाला. जहाजांतून उतरणाऱ्या आजाऱ्यांना जुन्या गोव्यातील राजरुग्णालयात नेण्यात येई. १६०८ मध्ये पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी तेथे रुग्ण म्हणून दाखल झाला होता. त्याने तेथील व्यवस्थेची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. परंतु रुग्णशय्या कितीही स्वच्छ असली, तरी रोगाचे कारण ठाऊक नव्हते. कोणी खारट अन्नाला दोष देई, कोणी दमट हवेला, तर कोणी खुद्द खलाशांच्या आळसाला. वास्तविक तो आळस रोगाचे कारण नसून रोगाचेच लक्षण होता.

मे १७४७ मध्ये ‘सॅलिस्बरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्याने बारा रुग्ण खलाशी निवडले. त्यांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांना सारखे अन्न दिले आणि प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. कोणाला सफरचंदाची आंबविलेली वारुणी, कोणाला सौम्य केलेले गंधकाम्ल, कोणाला शिरका, कोणाला समुद्राचे पाणी, कोणाला लसूण-मोहरी आदींची गोळी. एका जोडीला मात्र रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले. सहा दिवसांत फळे संपली. तेवढ्यात त्या दोघांपैकी एक कामावर रुजू झाला आणि दुसऱ्याला इतर रुग्णांच्या शुश्रूषेस नेमता आले. लिंडने हे १७५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तथापि दमट हवेचा सिद्धांत त्याच्याही मनातून पुरता गेला नव्हता. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सार्वत्रिक केला तो १७९५ मध्ये, म्हणजे त्या प्रयोगानंतर ४८ वर्षांनी. पुढे हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी याने १९२८ मध्ये वेगळा काढलेला पदार्थ म्हणजेच क जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये सिद्ध झाले. या जीवनसत्त्वावाचून कोलॅजेन नावाचे प्रथिन नीट तयार होत नाही आणि रक्तवाहिनीची भिंत ठिसूळ बनते. पहिला पहारेकरी अशा रीतीने ओळखला गेला. स्कर्व्ही आज दुर्मीळ असला, तरी संपलेला नाही. दोनतीन पदार्थांपलीकडे काहीच न खाणारे मूल किंवा चहा-पावावर दिवस काढणारी एकाकी वृद्ध व्यक्ती यांच्यात तो आजही आढळतो.

बिंबाणूंचा शोध

हॅनोव्हर येथील वैद्य पाउल गोट्लीब वेर्लहोफ याने १७३५ मध्ये एका मुलीच्या अंगावर आपोआप उठलेल्या रक्तडागांचे वर्णन लिहून ठेवले. त्या डागांचे कारण त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते. कारण ज्यांच्या अभावी ते उमटतात, ते बिंबाणू ओळखले जाण्यास आणखी दीडशे वर्षे होती. इटलीतील तुरीन येथे जुल्यो बिझ्झोझेरो याने १८८० नंतरच्या लगतच्या वर्षांत जिवंत प्राण्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. भिंत दुखावताच तेथे सर्वप्रथम धावून येणारे आणि चिकटणारे हे इवले कण त्याने टिपले.

पण एखाद्याचे बिंबाणू कमी का होतात? १९५० मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शरीरात शोधले. अशा डागांचा विकार असलेल्या रुग्णाचे सुमारे अर्धा लिटर रक्त त्याने स्वतःच्या शिरेतून घेतले. काही तासांतच त्याचे बिंबाणू झपाट्याने घटले, त्याला झटका आला, अंगावर ठिपके उमटले आणि जीव धोक्यात आला. सुदैवाने आठवडाभरात तो सावरला. रुग्णाच्या रक्तद्रवातच बिंबाणूंचा नाश करणारे काहीतरी असते, हे या धाडसाने उघड झाले. ते ‘काहीतरी’ म्हणजे शरीराने स्वतःच्याच बिंबाणूंविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे होत. हा विकार लहान मुलांत पुष्कळदा साध्या विषाणूजन्य तापानंतर होतो आणि बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. बिंबाणू घटल्याची खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. बोटाने दाबले तरी ते फिके पडत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत ही खूण प्रत्येक घराला ठाऊक असणे इष्ट आहे.

एका बेटावरची मुलगी

तिसऱ्या पहारेकऱ्याची, म्हणजे रक्त गोठविणाऱ्या प्रथिनांची ओळख प्रथम राजघराण्यांमुळे गाजली. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र लिओपोल्ड आणि रशियाचा युवराज अलेक्सेई यांचा हिमोफिलिया इतिहासात नोंदलेला आहे. हा रोग आईकडून मुलाकडे येतो आणि मुख्यतः मुलग्यांना होतो. त्यामुळे रक्तस्रावाचा आनुवंशिक विकार म्हणजे पुरुषांचा विकार, असा समज दृढ झाला.

फिनलंडमधील एरिक फॉन विलेब्रांट या वैद्याकडे १९२४ मध्ये ऑलंड द्वीपसमूहातील फग्लो येथून एक पाच वर्षांची मुलगी आली. तिच्या नाकातून आणि हिरड्यांतून वारंवार रक्त येई, किरकोळ धक्क्यानेही अंगावर डाग पडत. तिच्या काही बहिणी बालपणीच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. फॉन विलेब्रांटने केवळ मुलीला तपासले नाही. त्याने तिचे सारे घराणे तपासले. वंशवृक्ष काढला. ६६ जणांपैकी २३ जणांत रक्तस्रावाची प्रवृत्ती आढळली, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. १९२६ मध्ये त्याने हा हिमोफिलियाहून निराळा विकार असल्याचे जाहीर केले. ती मुलगी मात्र वाचली नाही. वयात आल्यावर चौथ्या मासिक पाळीतील रक्तस्रावाने तिचा अंत झाला.

आज त्या वैद्याच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार रक्तस्रावाच्या आनुवंशिक विकारांत सर्वांत अधिक आढळतो. माताभगिनींना माझी विनंती आहे की या ठिकाणी क्षणभर थांबावे. ज्या मुलीच्या अंगावर सहज डाग उठतात आणि जिची पाळी दर वेळी अतोनात जाते, तिला ‘आमच्या घराण्यात असेच आहे’ असे सांगून गप्प करण्याची रीत आपल्याकडे आहे. घराण्यात असेच असणे, हाच तपासणी करून घेण्याचा सर्वांत भक्कम आधार आहे. दात काढल्यावर कोणाचे रक्त थांबले नव्हते, बाळंतपणात कोणाची स्थिती बिकट झाली होती, या आठवणी घरातील वडीलधाऱ्या बायकांपाशी असतात. डॉक्टरांच्या दृष्टीने त्या मोलाचा दस्तऐवज ठरतात.

दुधाच्या कॅनमधील रक्त

चौथी कथा एका शेतकऱ्याची आहे. १९२० नंतरच्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील गुरे अकस्मात रक्तस्रावाने मरू लागली. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा ओला राहून बुरसला, की तो खाणाऱ्या जनावरांचे रक्त गोठत नसे. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठलेले रक्त असा सारा पुरावा घेऊन हिमवादळातून मॅडिसन येथील विद्यापीठात पोहोचला. तेथे कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षे काम करून १९३९ मध्ये चाऱ्यातील तो पदार्थ वेगळा काढला. त्याच कुळातील वॉर्फरिन हे द्रव्य १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि काही वर्षांतच माणसांच्या हृदयविकारात औषध म्हणून रूढ झाले. हे द्रव्य यकृतात के जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते. रक्त गोठविणारी काही प्रथिने त्या जीवनसत्त्वावाचून तयार होत नाहीत. डेन्मार्कचा हेन्रिक डाम याने कोंबड्यांवरील प्रयोगांतून या जीवनसत्त्वाचा शोध लावून १९३५ मध्ये त्याला नाव दिले होते.

या कथेचा आपल्याशी संबंध अगदी निकटचा आहे. आज हृदयविकारासाठी किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणारी माणसे प्रत्येक आळीत आहेत. ॲस्पिरिन, काही वेदनाशामके आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे यांनीही डाग सहज उमटतात. म्हणून कारण न समजणारा डाग दिसताच घरातील औषधांची पिशवी प्रथम उघडून पाहावी. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. त्यातून उलट अनर्थ ओढवू शकतो. अशा गोळ्या घेणारी व्यक्ती डोक्यावर पडली, तर बाहेर जखम दिसो वा न दिसो, रुग्णालयात नेण्यास विलंब करू नये. यकृताच्या दीर्घ आजारातही ही प्रथिने कमी पडतात आणि डाग उमटतात, हेही ध्यानी असावे.

मुंबईहून बोस्टनपर्यंत

डागांमागे दडणाऱ्या रोगांत सर्वाधिक भय वाटते ते रक्ताच्या कर्करोगाचे. एडिंबरोचा बेनेट आणि बर्लिनचा फिरखो यांनी १८४५ मध्ये त्याची स्वतंत्रपणे वर्णने केली. या रोगात अस्थिमज्जा विकृत पेशींनी भरून जाते, बिंबाणूंची निर्मिती खुंटते आणि अंगावर डाग दिसू लागतात. तरी त्यानंतर शंभर वर्षे रुग्णांच्या, विशेषतः बालकांच्या हाती काहीच लागले नाही.

या अंधारातून वाट निघाली तिचा एक टप्पा मुंबईत आहे. ल्यूसी विल्स ही ब्रिटिश संशोधिका १९२८ मध्ये मुंबईत आली. गरीब गर्भवती स्त्रियांतील तीव्र रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेने १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार केले. पुढे त्याच प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाच्या कार्याला विरोध करणारी द्रव्ये बनली. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी त्यांतील अमिनोप्टेरिन हे द्रव्य कर्करोगग्रस्त बालकांना दिले. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० जणांना आराम पडला होता. तो तात्पुरता होता, तरी या रोगाने प्रथमच माघार घेतली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले. आज बालकांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून, सुसज्ज केंद्रांत वेळेवर उपचार मिळालेल्या मुलांपैकी बहुसंख्य बरी होतात. म्हणूनच डागांबरोबर फिकटपणा, न हटणारा ताप, हाडांतील दुखणे, गळ्यातील गाठी किंवा घटते वजन दिसले, तर ‘लागले असेल कुठेतरी’ हे वाक्य फार महाग पडते.

डाग आणि शाळा

शेवटचे प्रकरण सर्वांत अवघड आहे आणि ते शिक्षकांशी थेट निगडित आहे. डागाचे कारण प्रत्येक वेळी रक्तातच असते असे नाही. पॅरिसचे न्यायवैद्यक ऑगुस्त आंब्र्वाझ तार्द्यू यांनी १८६० मध्ये घरच्या माणसांकडून छळ झालेल्या ३२ बालकांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी १८ मृत्यू पावली होती. समाजाने ती नोंद जवळपास विसरून टाकली. १९६२ मध्ये अमेरिकेत हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विषय पुन्हा मांडला, तेव्हा कोठे डॉक्टरांनी ‘पडला’ या उत्तरापुढे जाऊन पाहण्यास आरंभ केला. शंभर वर्षे हा डाग सर्वांनी पाहिला. त्याचा अर्थ वाचण्याचे धैर्य मात्र कोणी दाखविले नाही.

जे बाळ अद्याप रांगतही नाही, त्याच्या अंगावर अपघाताने डाग क्वचितच पडतात. कान, मान, पाठ, पोट आणि नितंब या जागाही सहसा खेळताना दुखावत नाहीत. अशा ठिकाणचे डाग, विशेषतः त्यांवर बोटांची वा पट्ट्याची आकृती असेल, तर शिक्षकाने थांबून पाहिले पाहिजे. येथे दुहेरी विवेक हवा. हिमोफिलिया असलेल्या मुलांच्या आईबापांवर मारहाणीचा खोटा आळ आल्याचीही उदाहरणे आहेत. आपल्याकडील पुष्कळ बाळांच्या कमरेखाली जन्मतःच असणारा निळसर पट्टा हा डाग नव्हेच. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे नेमके सांगता येते, ही जुनी समजूतही आता टिकलेली नाही. म्हणून निवाडा आपण करू नये. मुलाला एकांतात, मायेने विचारावे. पाहिले ते तारखेनिशी लिहावे. आणि वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरावा. गोवा बाल कायदा २००३ पासून आहे, शाळेतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली आहे, आणि १०९८ हा बालकांसाठीचा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. डाग शाळेतच उमटला असेल, तर हे सारे नियम आपणांसही लागू आहेत, हे सांगावयास नकोच.

उपसंहार

श्रोतेहो, या इतिहासातून भय घेऊन कोणी घरी जाऊ नये. बहुतेक डाग निरुपद्रवी असतात आणि पंधरवड्यात निळ्याचे हिरवे, हिरव्याचे पिवळे होत मावळतात. वृद्धांच्या हातांवर उमटणारे जांभळे डाग हे बहुधा वयाने पातळ झालेल्या त्वचेचे लेणे असते. परंतु डाग पुष्कळ, मोठे आणि विनाकारण असतील. नाक, हिरड्या, लघवी किंवा शौचातून रक्त जात असेल. दाबून न जाणारे ठिपके दिसत असतील. किंवा घराण्यात असा इतिहास असेल, तर डॉक्टरांकडे जावे. आरंभीच्या तपासण्या साध्या असतात : रक्तातील पेशींची आणि बिंबाणूंची मोजणी, सूक्ष्मदर्शकाखालील पाहणी आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ. ठिपक्यांसह ताप असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मोंबासाला संत्री खाऊन बरे झालेल्यांनी हवेचे आभार मानले. लिंडने संत्री मोजली. फॉन विलेब्रांटने मुलीबरोबर तिचे घराणे पाहिले. विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याने रक्त कॅनमध्ये भरून आणले. यांतील कोणालाही पूर्ण सत्य कळले नव्हते. पण प्रत्येकाने आपल्या वाट्याची चौकशी प्रामाणिकपणे केली. पुढच्याला त्या चौकशीवर पाय रोवून उभे राहता आले. विद्यार्थ्याला उत्तर सांगण्याआधी प्रश्न विचारावयास शिकविणे, हे ज्या शिक्षकांनी आयुष्यभर केले, त्यांच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन मला सुचत नाही.